चित्र सरळ होतं, पण फुकटात नाही

प्रश्न : आम्ही आंजी (मोठी), जिल्हा वर्धा इथल्या मंडळाची मुलं. लोकवर्गणी काढून गावासाठी एक प्रोजेक्टर घ्यायचा विचार आहे. दिवसा शाळेत, संध्याकाळी समाजमंदिरात बचत गटाच्या नाहीतर आरोग्याच्या सभेला, गणपतीत आणि क्रिकेटच्या दिवसांत चौकात, असा तो फिरता राहील. आमच्यात तंत्रज्ञ कोणी नाही. मागे भाड्यानं प्रोजेक्टर आणला होता, तर चित्र सरळ करण्यातच अर्धा तास गेला आणि तोवर निम्मे लोक घरी निघून गेले. आता जाहिरातींत 'ऑटो कीस्टोन', 'ऑटो फोकस', 'नुसता ठेवा आणि बघा' असं दिसतं. खरंच ते आपोआप होतं का? त्यासाठी जास्तीचे पैसे मोजावेत का? पडदा घ्यावा की भिंत चालेल? शाळेत एक जुना प्रोजेक्टर धूळ खात पडला आहे, त्याचं काय करावं?

उत्तर : होतं, आपोआप होतं. पण 'आपोआप' या एका शब्दाखाली तीन-चार वेगवेगळ्या गोष्टी विकल्या जातात आणि त्यातली सगळ्यात स्वस्त गोष्ट तुमच्या फारशी उपयोगाची नाही. म्हणून आधी चित्र वाकडं का होतं ते बघू. ते कळलं की दुकानदाराला काय विचारायचं हे सांगावं लागणार नाही.

रात्री मोबाईलचा टॉर्च भिंतीसमोर सरळ धरा. उजेडाचा गोल पडतो. आता टॉर्चचं नाक वर करा. गोलाची वरची बाजू ताणली जाते, मोठी होते आणि फिकटही होते, कारण वर जाणाऱ्या किरणांना भिंतीपर्यंत जास्त अंतर कापावं लागतं आणि तेवढे ते पसरतात. प्रोजेक्टरचंही तसंच. टेबलावर ठेवून पुढचा पाय उंच केला की चित्राची वरची कड रुंद आणि खालची अरुंद होते. बाजूला ठेवला तर डावी-उजवी कड लहानमोठी होते. बाजूलाही ठेवला आणि वरही उचलला, तर चारही कोपरे चार दिशांना. तुमचा अर्धा तास बहुधा या तिसऱ्या प्रकारात गेला असणार. खोलीच्या मधोमध माणसं बसलेली असली की प्रोजेक्टर कोपऱ्यातच जातो.

हे दुखणं आजचं नाही. कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी १८९२च्या सुमारास काचेवर हातानं रंगवलेली चित्रं पडद्यावर पाडून 'शांबरिक खरोलिका' नावाचे खेळ सुरू केले. भिंगातून चित्र पाडणाऱ्या प्रत्येकाला तेव्हापासून एकच नियम पाळावा लागला आहे : भिंगाचं तोंड पडद्याला काटकोनात हवं. डी.एड. कॉलेजात ओव्हरहेड प्रोजेक्टर पाहिलेल्या शिक्षकांना आठवत असेल, त्या पडद्याच्या माथ्यावर एक लहान दांडी असायची. तिच्यावर पडदा अडकवला की त्याचा वरचा भाग पुढे झुकायचा. यंत्र सरळ करता येत नाही तर पडदाच तिरका करा, असा तो साधा तोडगा. सिनेमागृहात तर प्रोजेक्टर मागच्या भिंतीत उंचावर, म्हणजे खाली वाकूनच बघणार. तिथले ऑपरेटर यंत्राच्या गेटमध्ये, म्हणजे फिल्मच्या खिडकीत, बसणारी पत्र्याची चौकट कानशीनं थोडी थोडी घासत, चित्राच्या वाकड्या कडा पडद्याभोवतीच्या काळ्या पट्टीत जाईपर्यंत. सरळ न होणारा भाग कापून टाकायचा, हाच तिथला उपाय.

आजचा प्रोजेक्टर नेमकं हेच करतो, फक्त कानस हातात न घेता. आतल्या पॅनेलवर, म्हणजे ज्या छोट्या चिपवर चित्र तयार होतं तिथं, तो मुद्दाम उलटं वाकडं चित्र काढतो. वरची कड भिंतीवर रुंद पडणार असेल तर पॅनेलवर ती आधीच अरुंद काढायची. दोन वाकडेपणांची वजाबाकी झाली की भिंतीवर चौकट सरळ दिसते. यालाच 'कीस्टोन' दुरुस्ती म्हणतात.

यात खर्ची काय पडतं? समजा पॅनेल फुल एचडी आहे, एका ओळीत १९२० बिंदू. आणि समजा तुम्ही यंत्र इतकं वर उचललं की वरची कड खालच्यापेक्षा पाव हिश्शानं जास्त रुंद पडते. ती सरळ करायची तर सर्वात वरच्या ओळीत १९२०पैकी १५३६ बिंदूच वापरता येतात. बाकीचे काळे करून गप्प बसवले जातात. प्रमाण राखण्यासाठी उंचीही कमी करावी लागते. त्या बंद बिंदूंवर पडणारा उजेड वाया, आणि जे बिंदू उरले त्यांच्यात मूळ चित्र दाटीवाटीनं बसवायचं म्हणून बारीक अक्षराच्या कडा मऊ पडतात. सिनेमात हे कोणाच्या लक्षात येत नाही. पण सातबारा पडद्यावर उघडा, मग जोडाक्षरं कशी एकमेकांत शिरतात ते बघा. शिवाय 'काळे' केलेले बिंदू खरोखर काळे नसतात. अंधाऱ्या खोलीत सरळ चित्राभोवती एक फिकट राखाडी चौकट दिसते, तीही वाकडी. तीच चित्राची मूळ जागा.

म्हणून आपोआप होणारी दुरुस्ती चांगली, पण तिच्यावर काम कमीत कमी टाकायचं. यंत्र जितकं नीट ठेवाल तितकं ते कमी कापेल.

आता ते आपोआप होतं कसं, हे समजून घेऊ. खरेदी फसते ती इथंच. यंत्र वर-खाली किती कललं आहे हे कळायला एक छोटा सेन्सर पुरतो. मोबाईल आडवा केला की पडदा फिरतो, तोच हा सेन्सर. तो गुरुत्वाकर्षणावरून कल मोजतो. स्वस्त असतो, म्हणून स्वस्तातल्या स्वस्त प्रोजेक्टरच्या खोक्यावरही 'ऑटो कीस्टोन' छापता येतं. पण हाच सेन्सर डावं-उजवं सांगू शकत नाही. प्रोजेक्टर टेबलावर सपाट ठेवून नुसता बाजूला वळवला, तर गुरुत्वाकर्षणाच्या दृष्टीनं काहीच बदललेलं नसतं. भिंत कुठं आहे हे त्या सेन्सरला माहीतच नाही. तो फक्त गृहीत धरतो की भिंत उभी, ओळंब्यात आहे. पडदा थोडा मागे कललेला असेल, तर हा शहाणा सेन्सर सरळ चित्र वाकडं करून देतो.

डावं-उजवं आपोआप व्हायचं असेल तर यंत्राला भिंत 'बघावी' लागते. त्यासाठी समोरच्या बाजूला लेन्सशेजारी कॅमेरा असतो, किंवा भिंतीपर्यंतचं अंतर अनेक बिंदूंवर मोजणारा सेन्सर, किंवा दोन्ही. कॅमेऱ्याचं यंत्र असेल तर सुरू करताना भिंतीवर क्षणभर ठिपक्यांची किंवा चौकटींची नक्षी येते. कॅमेरा ती पाहतो, किती वाकडी पडली ते मोजतो आणि चारही कोपरे जागेवर आणतो. फोकसही त्याच वेळी लावतो. सॅमसंगनं २०२२मध्ये आणलेला 'फ्रीस्टाईल' हा तळहातात मावणारा प्रोजेक्टर याच करामतीवर गाजला. एक्सजीमी, अँकरचा नेब्युला यांच्या यंत्रांतही हे असतं. एप्सनच्या सभागृहासाठीच्या अनेक मॉडेलांत वर-खालीचं आपोआप होतं आणि डाव्या-उजव्यासाठी लेन्सच्या वर एक सरकपट्टी असते. बोटानं सरकवली की झालं. माझं मत विचाराल तर गावाच्या वापराला ती सरकपट्टी फार गुणाची. ती कुणाला शिकवावी लागत नाही आणि ऐन वेळी तिचं डोकं फिरत नाही.

तेव्हा दुकानात पहिला प्रश्न : "आडवी, म्हणजे डावी-उजवी, दुरुस्ती आपोआप होते का, की फक्त उभी?" दुसरा : "आपोआप नीट झालं नाही तर चारही कोपरे हातानं हलवता येतात का?" दुसऱ्याचं उत्तर 'नाही' असेल तर ते यंत्र घेऊ नका, कितीही हुशार असलं तरी.

कारण हुशारीला मर्यादा आहेत आणि तुमच्या तीनही जागा त्या मर्यादांच्या काठावरच्या आहेत.

शाळा घ्या. जिल्हा परिषद शाळांच्या बोलक्या भिंती म्हणजे बाराखडी, वर्गमूळ, पानं-फुलं आणि एक मोठा नकाशा. अशा रंगीत भिंतीवर कॅमेऱ्याला आपली फिकट नक्षी नीट सापडत नाही. दिवसा खिडकीतून ऊन येत असेल तर मुळीच नाही. समाजमंदिरात दुसरीच गंमत. काही यंत्रांत 'अडथळा टाळणे' अशी सोय असते, म्हणजे भिंतीवर स्विचबोर्ड किंवा फ्रेम दिसली तर ती सोडून चित्र उरलेल्या मोकळ्या जागेत बसवायचं. आपल्या समाजमंदिरात महापुरुषांच्या तसबिरी ओळीनं लावलेल्या असतात. यंत्र त्या सगळ्यांचा मान राखतं आणि चित्र त्यांच्या पायाशी वीतभर करून ठेवतं. ही सोय मेनूत जाऊन बंद करता येते, पण ते माहीत असावं लागतं.

आणि चौक. छोट्या यंत्रांचे भिंत मोजणारे सेन्सर घरातल्या अंतरांसाठी केलेले असतात, साधारण दीड ते तीन-चार मीटर. चौकात मोठं चित्र पाहिजे म्हणून यंत्र पंधरा-वीस फूट मागे नेलं की फोकस मागं-पुढं होत राहतो. पडदा म्हणून चादर किंवा मंडपाचं कापड असेल आणि वारा सुटला, तर मोजायचं तरी काय? त्यात डीजेचा स्पीकर त्याच टेबलावर किंवा शेजारी. यंत्राला वाटतं आपल्याला हलवलं, म्हणून ते ऐन षटकात खेळ थांबवून पुन्हा नक्षी दाखवतं. लोक शिव्या तुम्हाला देतील. म्हणून नियम करा : चित्र एकदा बसलं की 'हलल्यावर पुन्हा दुरुस्ती' हा पर्याय बंद. 'सुरू करताना एकदाच' एवढं ठेवा.

आता पैशांचं. जाहिरातीत चित्र सरळ करण्याची जी काही करामत असते, तिच्या आधी दोन गोष्टी पाहायच्या : उजेड आणि पॅनेलचे खरे बिंदू. यात इतकी लपवाछपवी चालते की 'नाव सोनुबाई अन् हाती कथलाचा वाळा' ही म्हण याच धंद्यासाठी केली की काय असं वाटावं.

उजेड ल्युमेनमध्ये मोजतात. अमेरिकेत १९९२मध्ये त्याचं मानक ठरलं. पूर्ण पांढऱ्या चित्राचे नऊ भाग करायचे, प्रत्येकाच्या मध्ये प्रकाश मोजायचा, सरासरी काढायची आणि तिला चित्राच्या क्षेत्रफळानं गुणायचं. तो आकडा म्हणजे 'आन्सी ल्युमेन'. हल्ली 'आयएसओ २१११८' हे आंतरराष्ट्रीय मानकही लिहिलेलं असतं. या दोहोंपैकी एक नाव आकड्याशेजारी असेल तरच तो आकडा वाचायचा. नुसतं '९००० ल्युमेन', 'एलईडी ल्युमेन' किंवा 'लाइट सोर्स ल्युमेन' हे आत जळणाऱ्या दिव्याचं वर्णन आहे, भिंतीवर पोचणाऱ्या उजेडाचं नाही. दोन्हींत अनेक पटींचा फरक असू शकतो.

किती हवा? हिशेब करून बघू. १०० इंची चित्र म्हणजे सुमारे २२१ सेंमी रुंद आणि १२५ सेंमी उंच, पावणेतीन चौरस मीटरच्या आसपास. त्यावर ३०० आन्सी ल्युमेन पसरले तर प्रत्येक चौरस मीटरला सुमारे ११० ल्युमेन मिळतात, म्हणजे ११० लक्स. खिडक्या उघड्या असलेल्या वर्गात दिवसा भिंतीवर नुसत्या आकाशाचाच उजेड काहीशे लक्स सहज पडतो. तिथं तुमचं चित्र दिसणारच नाही, ते सरळ असो की वाकडं. याउलट डिजिटल सिनेमागृहात पडदा जितका उजळ ठेवतात, त्या हिशेबानं पडद्यावर साधारण १५० लक्स लागतात. म्हणजे पूर्ण अंधारात ३०० ल्युमेनचं छोटं यंत्र ८० इंचापर्यंत थिएटरसारखं चित्र देईल. चौकात दीडशे इंचाचं केलं तर तोच उजेड ५० लक्सवर येतो. दिसेल, पण क्रिकेटचा चेंडू शोधावा लागेल. त्यात ग्रामपंचायतीचा एलईडी दिवा नेमका पडद्यावर पडत असेल तर तेवढा वेळ तो बंद ठेवायची विनंती करा. नवा प्रोजेक्टर घेण्यापेक्षा ते स्वस्त.

यावरून तुमचा निर्णय जवळजवळ होतोच. दिवसा शाळेतही वापरायचा असेल, तर हातात मावणारी, कॅमेऱ्यानं सगळं आपोआप करणारी, तीन-चारशे ल्युमेनची यंत्रं तुमच्यासाठी नाहीत. ती शहरातल्या अंधाऱ्या बेडरूमसाठी आहेत. तुम्हाला तीन हजार किंवा त्याहून जास्त आन्सी ल्युमेनचं, सभागृहातलं यंत्र लागेल. त्यात उभी दुरुस्ती आपोआप आणि आडवी सरकपट्टीनं किंवा चार कोपऱ्यांनी असली की पुरे. त्याच पैशात उजेड आणि कॅमेरा यातलं एकच मिळत असेल तर डोळे झाकून उजेड घ्या. दोन्ही मिळत असतील आणि वर्गणी तेवढी जमली असेल, तर कॅमेऱ्यालाही माझा विरोध नाही.

बिंदूंबद्दल एवढंच : खोक्यावर '१०८०पी सपोर्ट' किंवा '४के सपोर्ट' असेल तर ते वाचून सोडून द्या. सपोर्ट म्हणजे तेवढं चित्र आत घेता येतं. बाहेर किती बिंदूंनी दाखवतो, हे 'नेटिव्ह रिझोल्यूशन' या ओळीत असतं. ती ओळ खोक्यावर नसेल तर तेही एक उत्तरच आहे. आधीच कमी बिंदूंच्या यंत्रात दुरुस्ती चालू केली की अक्षरांचं आणखी काय होतं हे वर आलंच.

यंत्र किती मागे ठेवावं लागेल हे 'थ्रो रेशो' सांगतो. अंतर भागिले चित्राची रुंदी. १.२चा असेल तर १२० इंची चित्रासाठी, म्हणजे २६६ सेंमी रुंदीसाठी, सुमारे ३.२ मीटर, साडेदहा फूट. समाजमंदिराची लांबी मोजून हा आकडा खिशात ठेवा. 'शॉर्ट थ्रो' यंत्र भिंतीजवळ राहतं, मुलं उजेडात येत नाहीत, वायरीत कुणी अडकत नाही. पण ते तसूभर सरकलं तरी चित्र मोठ्या प्रमाणात वाकडं होतं. रोज हलवायच्या यंत्रात ते मला नको वाटतं. एका वर्गात छतालाच टांगायचं असेल तर उत्तम, आणि मग आपोआप दुरुस्तीवर एक रुपयाही घालू नका. एकदा मिस्त्रीकडून नीट बसवून घेतलं की काम संपलं.

फिरत्या यंत्रासाठी अर्ध्या तासाचं काम दोन मिनिटांवर आणणारी युक्ती खरेदीत नाही, मांडणीत आहे. बरेच प्रोजेक्टर असे बनवलेले असतात की टेबलावर सपाट ठेवले तर चित्राची खालची कड लेन्सच्या पातळीला पडते आणि चित्र तिथून वर चढतं. म्हणजे नाक उचलायची गरजच नसते. चित्र खाली पडतंय असं वाटलं की आपण लगेच पुढचा पाय फिरवून नाक वर करतो, आणि वाकडेपणा तिथं सुरू होतो. त्याऐवजी टेबलच उंच करा. चारही पायांखाली दोन-दोन विटा ठेवा. टेबलाची कड भिंतीला समांतर आहे का ते डाव्या-उजव्या टोकापासून दोरीनं मोजा. समाजमंदिराच्या फरशीवर टेबलाच्या पायांची जागा ऑइलपेंटनं चार ठिपके देऊन कायमची नोंदवून टाका. महाराष्ट्रातल्या फिरत्या टॉकीजवाल्यांची यंत्रं ट्रकवरच असायची, त्यामुळे लेन्स आपसूक उंचावर. 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' हा त्यांच्यावरचा माहितीपट २०१६मध्ये कान महोत्सवात दाखवला गेला. मिळाला तर नव्या प्रोजेक्टरवर तोच आधी बघा. चौकात तुमच्याकडे ट्रॉली आहेच. ट्रॅक्टर सोडून ट्रॉली पडद्यासमोर सरळ लावली की झाला मंच.

पडदा की भिंत? वर्गात भिंतीचा एक भाग पांढऱ्या, चमक नसलेल्या रंगानं रंगवा आणि भोवती चार बोटं रुंद काळी पट्टी ओढा. ही पट्टी दोन कामं करते. वाकडी राखाडी कड तिच्यात जिरते, सिनेमागृहात जिरायची तशीच. आणि 'पडद्यात बसव' अशी सोय असलेल्या यंत्राला कॅमेऱ्यानं नेमकी चौकट सापडते. मात्र ऑइलपेंट वापरू नका, त्यात दिव्याचं प्रतिबिंब चमकतं. चौकात कापडच लागणार. ते चारही बाजूंनी बांबूच्या चौकटीला ताणून बांधा, नुसतं वरून सोडू नका.

दुकानात, मग ते वर्ध्यातलं असो की नागपूरच्या सीताबर्डीतलं, यंत्र चालू करून बघितल्याशिवाय घेऊ नका. पेन ड्राइव्हमध्ये तीन गोष्टी न्या : एखाद्या सातबाऱ्याची पीडीएफ, रात्रीचा प्रसंग असलेला कुठलाही व्हिडिओ आणि क्रिकेटच्या सामन्याची एक क्लिप. दुकानदार यंत्र नेहमी पडद्याच्या मधोमध ठेवून दाखवतो, कारण तिथं सगळीच यंत्रं गुणी दिसतात. तुम्ही ते उचलून टेबलाच्या टोकाला ठेवा, तिरकं करा आणि आपोआप काय होतं ते बघा. मग सातबारा उघडून गट क्रमांक मागच्या खुर्चीवरून वाचता येतो का ते पाहा. शेवटी दुकानाचे दिवे घालवायला लावा आणि रात्रीच्या प्रसंगात ती राखाडी कड किती दिसते ते तपासा. कोटेशन जुनं असेल तर करही पाहून घ्या. २२ सप्टेंबर २०२५पासून प्रोजेक्टरवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्के झाला आहे. मूळ किंमत ३०,००० असेल तर आधी ३८,४०० व्हायचे ते आता ३५,४०० व्हायला हवेत.

विदर्भातल्या गावासाठी आणखी दोन गोष्टी. वीज आणि कचरा. पाऱ्याच्या दिव्याचं यंत्र चालू असताना लाइट गेली की पंखा थांबतो आणि तापलेला दिवा आतल्या आत शिजतो. असं वारंवार झालं की त्याचं आयुष्य घटतं. एलईडी किंवा लेसरच्या यंत्राला हा त्रास कमी, आणि त्यांचं आयुष्य वीस हजार तासांच्या घरात असतं. दिवा मात्र साधारण तीन ते पाच हजार तासांत निम्म्या उजेडावर येतो. यंत्र कोणतंही असो, मध्ये चांगला यूपीएस ठेवा. आणि कापूस वेचणीच्या दिवसांत हवेत जी बोंडाची तूस उडते, ती पंख्याच्या जाळीत बसते. जाळी काढून साफ करता येते का हे विकत घेतानाच पाहा. पहिल्या पावसानंतर उजेडावर पाखरं झेपावतात ती निराळीच. उघड्यावर खेळ असेल तेव्हा लेन्सवरचं पाखरू बोटानं चिरडू नका, फुंकर मारून उडवा. त्याचा चिकट डाग कुठल्याही ऑटो फोकसनं जात नाही.

परवानगीचंही एका वाक्यात सांगतो : शाळेच्या कार्यक्रमात शिक्षक, विद्यार्थी आणि पालकांपुरता चित्रपट दाखवायला स्वामित्वहक्क कायद्यात सवलत आहे, पण चौकात सर्वांसाठी सिनेमा लावायचा तर हक्कधारकाची परवानगी लागते आणि रात्री दहानंतर एरवी लाउडस्पीकर चालत नाही.

राहिला शाळेतला जुना प्रोजेक्टर, ज्याचा उल्लेख तुम्ही पत्राच्या शेवटी उडत उडत केलात. खरं तर सगळ्यात आधी त्याच्याकडेच बघा. शहापूर तालुक्यातल्या पष्टेपाड्याच्या जिल्हा परिषद शाळेत संदीप गुंड यांनी डिजिटल वर्गाचा प्रयोग केला, त्याचा राज्यभर गाजावाजा झाला. पुढे २२ जून २०१५च्या शासन निर्णयानं 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' कार्यक्रम आला. त्या लाटेत गावोगावच्या शाळांनी लोकवर्गणीतून प्रोजेक्टर घेतले. तुमच्या शाळेतलाही त्याच काळातला असेल तर त्याचा उजेड कदाचित आजच्या छोट्या यंत्रांच्या पाच-सात पट असेल. तो चालू करा, मेनूत 'माहिती' या पानावर दिव्याचे वापरलेले तास बघा. हजार-दीड हजारच असतील तर यंत्र अजून तरुण आहे. बाजूची जाळी काढून ब्रशनं झाडा. चित्र पिवळट किंवा अंधुक असेल आणि तास पुष्कळ झाले असतील, तर मूळ कंपनीच्या दिव्याचा भाव विचारा. जुना दिवा कचराकुंडीत टाकू नका, त्यात पारा असतो. बदलणाऱ्या दुकानाकडेच परत द्या. दिव्याचा खर्च नव्या यंत्राच्या चौथ्या हिश्शाच्या आत बसत असेल तर तो बदला, टेबलाखाली विटा ठेवा, आणि वर्गणीतून आधी काळ्या पट्टीचा पडदा, यूपीएस आणि दोन बरे स्पीकर घ्या. आपल्याकडे सभा फसते ती बऱ्याचदा आवाज मागच्या रांगेपर्यंत न पोचल्यामुळे.